मास्तरांचा पोपट खोकतो

प्राण्यांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी कोट झटकला की केसांबरोबर दोन-तीन खाली पडतात. बाहेर शिकून मी आमच्या कट्टा गावात दवाखाना उघडला, तेव्हा गाई आणि कुत्री येतील असं वाटलं होतं. पण फोनवर बघून आता आमच्याकडेही लोक काय काय पाळतात. प्राणी ठणठणीत असतात. आजारी पडतात माणसं, आणि तपासायला आणतात प्राण्याला.

* * *

एका बाईंनी लेकीच्या हट्टापायी हेजहॉग आणला होता, मुठीत मावेल एवढा काटेरी प्राणी. लेकीच्या हातांवर सारखे लाल चट्टे.

"बांगड्यान उठतत," बाई म्हणाल्या. "बांगडे बंद केले, तरी उठततच."

आमच्याकडे खाज सुटली की पहिला संशय बांगड्यावर, म्हणजे मासळीवर. बोलता बोलता लेकीने त्याला हातात घेतलं, आणि काटे टेकले तिथेच तळवा लाल झाला. मी सगळं समजावलं: हातमोजे, साबणाने हात धुणं, पिंजरा झोपायच्या खोलीबाहेर, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवणं, आणि श्वास लागला तर तडक हॉस्पिटल.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे बांगडे खाऊक हरकत नाय मां?"

* * *

सलूनवाल्या दिगूने आरशाशेजारी कॉकटिएलचा, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचा, पिंजरा टांगला होता. दिगूचं नाक बारा महिने वाहायचं. रेडीला बहिणीकडे गेला की चार दिवसांत मोकळं. मी म्हटलं, "बघ, इथून लांब गेलास की बरं वाटतं, म्हणजे कारण इथेच आहे. पिसांची पूड." त्याला पटलं.

"पण रेडीची हवाच बरी, डॉक्टर. फुडच्या वेळेक पाखराकय घेऊन जातंय."

* * *

आगुस्तीन मास्तर निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर एकटं वाटू नये म्हणून बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना राखाडी आफ्रिकन पोपट घेऊन दिला. मास्तर एकदा पिंजरा घेऊन आले.

"बाय, ह्येका खोकलो झालो आसा."

पोपट खोकला. कोरडा, लांब, शेवटी शिट्टीसारखा. मी छाती ऐकली, नाक पाहिलं. पक्षी उत्तम होता. तेवढ्यात मास्तर खोकले. कोरडा, लांब, शेवटी शिट्टीसारखा.

"तुमचा खोकला कधीपासूनचा?"

"माझो? तो खडूचो. जन्मभर फळो पुसलंय."

मी त्यांना बळेच छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पिसांची पूड फुप्फुसात गेली होती. काही भाग कडक झाला होता, तो परत सुधारणार नव्हता. उरलेला वाचवायचा तर पोपट घराबाहेर.

* * *

मास्तरांनी ऐकलं. पोपट धाकट्या भावाला, पास्कूला दिला. तरी ते खंगतच गेले. दोन वाक्यांमध्ये दम घ्यायचे. शेवटी मीच घरी गेले.

एक लांब घर, दोन भावांनी वाटून घेतलेलं. दारं दोन, चुली दोन, मीटर दोन. मधली भिंत मात्र आपल्याकडच्या घरांत असते तशी, आढ्यापर्यंत न जाता वाशांखालीच थांबलेली. वर कौलांखाली सगळं एकच. भिंतीच्या माथ्यावर बोट फिरवलं, तर पिठासारखी पांढरी पूड.

"घराबाहेरच दिलंय," मास्तर म्हणाले. "ता घर पास्कूचा."

पोपट आजच न्यायचा, असं मी म्हटलं.

"वाटण्या झाल्यापासून आमी बोलाक नव्हतो, बाय. पिंजरो दिलंय तेव्हा तो पयलो बोललो. 'काय खाता ह्यो?' म्हणान."

पोपट मी स्वतः जीपमधून वालावलला नेला, एका बागायतदाराच्या उघड्या जाळीघरात. निघताना पास्कू गेटपर्यंत आला, पिंजऱ्यावर फडकं घातलं आणि मागे वळला.

* * *

परवा मास्तरांना भेटायला गेले. नाकाला ऑक्सिजनची नळी, पण चेहरा बरा. मी आनंदाने सांगत होते, पोपट तिकडे रुळलाय, आता खोकत नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला. कोरडा, लांब, शेवटी शिट्टीसारखा.

मास्तरांनी मान वर करून भिंतीच्या माथ्याकडे पाहिलं.

"पास्कू रे, डॉक्टर इली आसा. हय ये."

पलीकडून मग आवाज आला.

"काय नाय रे. आंगणातलो पालोपातेरो जाळलंय, त्येचो धूर घशात गेलो."