दारावर मला उभं केलं होतं

यादी माझ्या हातात होती. मॅनेजर साहेबांनी मला मंगल कार्यालयाच्या दारात उभं केलं होतं. आत बँकेची वार्षिक सभा. ज्याचं नाव यादीत, त्याला आत सोडायचं. ज्याचं नाही, त्याला परत पाठवायचं.

"शिपायाचं कामच आहे ते," साहेब म्हणाले.

अकराच्या सुमारास आई आली. धुतलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्यासोबत आमच्या भिलाटीतल्या, भिल्लांच्या वस्तीतल्या, पाच बाया. सगळ्या सत्तरीच्या आसपासच्या. एके काळी सगळ्या शहाद्याच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या.

आईने पोरीकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलंच नाही. रीतसर म्हणाली, "सुपडाबाई. देख नाव."

मी पानं उलटली. पुन्हा उलटली. नाव नव्हतं. त्या सहाही जणींचं नव्हतं.

"नीट देख, बेटा. आठेच व्हई." तिने यादीवर बोट टेकवलं.

तेवढ्यात साहेब आले. आईशी नाही, माझ्याशी बोलले. "पाच वर्षांत एकाही सभेला आलेल्या नाहीत या. अक्रियाशील सभासद. कायदा आहे. बाजूला घे त्यांना, मागे पाहुणे खोळंबलेत."

आई म्हणाली, "सभा कधी व्हती ते आम्हले कोणी सांगं?"

कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. आणि ते मला माहीत होतं. सभेच्या नोटिसांचे गठ्ठे दर वर्षी मीच पोस्टात टाकायचे. भिलाटीचा एकही पत्ता त्यात नसायचा. मला ते दिसायचं. मी कधी विचारलं नाही. यंदाही सभेची बातमी आईला माझ्या तोंडून कळली होती, तीही सहज, भाकरी खाताना.

आत व्यासपीठावरून अण्णा खाली आले. अण्णा म्हणजे आमचे चेअरमन. मला वाटलं, आता झालं, अण्णा आईला हाताला धरून आत नेतील. अण्णांनी हात जोडले. म्हणाले, "सुपडाबाई, आता आपलं वय झालं. आपण घरी आराम करावा. आम्ही आहोत ना काळजी घ्यायला."

अण्णा आयुष्यात पहिल्यांदा आईशी पुस्तकी मराठीत बोलले.

साहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी आईचा हात धरला. तिला चार पायऱ्या खाली उतरवलं. फाटकाबाहेर सोडलं. तिचा हात माझ्या हातात लाकडासारखा होता.

ही बँक कशी निघाली, ते सांगते. बँकेच्या भिंतीवर लावलेलं नाही ते.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. जिनिंगच्या बाया संध्याकाळी बाहेर पडायच्या तेव्हा केसांत, भुवयांत, नाकात कापसाचा फुफाटा. युनियन नवीन होती. संप करून पगार वाढवून घेतलेला. तो कुठे ठेवायचा म्हणून आई आणि तिच्या दोन मैत्रिणी गावातल्या एका बँकेत खातं उघडायला गेल्या. वॉचमनने दारातच अडवलं. "फरशी घाण होईल," म्हणाला. आतला बाबू हसला.

अण्णा तेव्हा युनियनचे पुढारी. बागायतदाराच्या घरातले, पण घर सोडून आमच्यात आलेले. आमच्या झोपडीत बसायचे. "काय रांधं शे आज, सुपडाबाई?" म्हणायचे आणि वाढलं ते खायचे. दाराची गोष्ट ऐकून त्यांचे डोळे लाल झाले. म्हणाले, "आपण आपलीच बँक काढूत. तठे आपलाले दारशी कोणी अडावणार नही."

त्या वाक्यावर ही बँक उभी राहिली. आई घरोघर फिरली. भिलाटी, हमालवाडा, पार कळसाडीपर्यंत पायी. नवरे शिव्या द्यायचे, ती ऐकून घ्यायची आणि बाईला सभासद करूनच उठायची. युनियनच्या खोलीत पहिलं टेबल लागलं. ती खोली आईने शेणाने सारवली होती. अण्णांनी अट घातली, आपल्या बँकेत अंगठा चालणार नाही. दुपारच्या सुट्टीत जिनिंगच्या फाटकापाशी पाटी घेऊन बसायचे आणि एकेका बाईला अक्षरं आणि सही शिकवायचे. आईने पहिली सही केली त्या दिवशी गल्लीभर गूळ वाटला.

नंतर बँक वाढली. शाखा निघाल्या. जिनिंग बंद पडली. युनियनच्या पाटीवर गंज चढला. संचालक मंडळात व्यापारी आले, बागायतदार आले, अण्णांचे जावई आले. मी बारावी पास होते. अण्णांनी मला शिपाई म्हणून लावलं. माझ्यासोबत लागलेला अण्णांचा भाचा दहावी नापास होता. तो क्लार्क झाला. आई म्हणाली, अण्णांचे उपकार. मीही म्हणाले, उपकार. वीसपेक्षा जास्त वर्षं मी त्या उपकारांचा चहा वाटला.

सभेत त्या दिवशी एकच मोठा ठराव होता. बँकेच्या नावातून 'कामगार' हा शब्द काढायचा. अण्णा माईकवर म्हणाले, "आता आपण व्यावसायिक बँक आहोत. नावही काळाप्रमाणे हवं." टाळ्या झाल्या. मी ट्रे घेऊन उभी होते.

संध्याकाळी घरी गेले. आई ओट्यावर बसलेली. मी म्हणाले, "आई, कायदाच तसा आहे गं." घरातही मी तिच्याशी ऑफिसची भाषा बोलले.

ती म्हणाली, "कायदा व्हई. पण मन्हा हात तू काबरं धरा?"

मी चूल पेटवायला आत गेले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच म्हणाले, "बस." समोर सभेचं हजेरीपुस्तक. म्हणाले, "नाव बदलायच्या ठरावाला हजेरी कमी भरली. तुमच्या वस्तीत जुने सभासद बरेच आहेत. घेऊन जा हे. अंगठे घेऊन ये. तुझ्या आईचाही घे."

मी म्हणाले, "साहेब, त्यांची नावं यादीत नव्हती."

"परवा नव्हती. आज आहेत. यादी दुरुस्त करू, त्यात काय?"

"त्यांना अंगठा येत नाही. सही येते."

साहेब हसले. "मग सही घे. तुला काय फरक पडतो?"

त्या क्षणी मला पायऱ्या दिसल्या. त्या चार पायऱ्या. बोलायला आली तेव्हा माझी आई सभासद नव्हती. तिच्याच तोंडावर माती टाकायची तेव्हा ती सभासद. आणि दोन्ही कामांना हात माझाच. उपकारांखाली आई गप्प राहावी म्हणूनच मला नोकरी दिली होती. मीच ती पट्टी होते, आईच्या तोंडाला बांधलेली.

मी खुर्चीवरून उठले. म्हणाले, "मी नेणार नाही."

"काय?"

"नही लई जाऊ मी." ऑफिसात मी पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलले. साहेबांना समजलं. ते इथलेच आहेत.

दुपारपर्यंत निलंबनाचं पत्र हातात पडलं. कारण लिहिलं होतं, उद्धट वर्तन.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बंगल्यावर बोलावलं. झोपाळ्यावर बसले होते. मला बस म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोरी, तुला नोकरी कोणी दिली, विसरलीस?"

मी म्हणाले, "मन्ही मायनी."

झोपाळा थांबला. मला वाटलं, काहीतरी जुनं त्यांच्या तोंडून निघेल. म्हणाले, "माफीचं पत्र लिही. मी बघतो."

मी नमस्कार न करता निघाले.

त्या आठवड्यात मी एसटीने नंदुरबारला गेले. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज दिला. कोणाला नोटीस गेली नाही, दारात कोणाला अडवलं, नंतर कोणाच्या सह्या मागितल्या, सगळं लिहिलं. आणि हेही लिहिलं की अडवणारी मी होते. ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारकुनाने शिक्का मारला. पोच दिली.

अर्जाखाली सह्या त्या पाच बायांच्या आहेत. आईची नाही. नंदुरबारला जायच्या आधी मी कागद पुढे केला तेव्हा तिने वाचला, अक्षरावर बोट ठेवून, पूर्ण. मग परत दिला. म्हणाली, "मन्हा अर्ज मी मन्हा हातघाई लिखसू." आता ती स्वतःच्या हाताने रोज थोडं लिहिते. मला दाखवत नाही.

तिने मला माफ केलेलं नाही. मीही माफी मागितलेली नाही. माफी मागून मला मोकळं व्हायचं नाही. निकाल काहीही लागो, नोकरी राहो की जावो, जुन्या सभासदांची एकेक पायरी मी चढणार आहे. आज हमालवाडा झाला. उद्या कळसाडी. प्रत्येक घरात आधी सांगते, दारावर मीच होते. मग विचारते, तुमचाही अर्ज देता का. काही जण दार लावून घेतात. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.