आळणी आमटी

माझ्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली, पण कॅन्सर तोवर मानेतल्या दोन गाठींपर्यंत पोचला होता. मी चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासते. कुठं काय बिघडलं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. डॉक्टरबाईंना विचारलंच, "इतकीशी गाठ, मानेत गेली कशी हो?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कुठलं जागं, कुठलं गप्प, एवढाच फरक. शेजारणीला धरून ठेवणारं गप्प झालं आणि हलायला लावणारं जागं झालं, की पेशी जागा सोडते. आयोडीन ओढून घेणारं जनुक जागं असेल, तर आपलं किरणांचं आयोडीन तिला गाठेल. तेही गप्प असेल, तर औषध नुसतं बाजूनं निघून जाईल."

म्हणून आधी पेशींना आयोडीनची भूक लावायची. नेहमीच्या मिठात आयोडीन असतं, दूधदह्यातही; म्हणून दोन आठवडे दोन्ही बंद.

सासूबाई मूळच्या चऱ्होलीच्या. त्यांच्या रीतीनं ताटात आधी मीठ वाढायचं, मग बाकीचं. माझ्या ताटातली ती जागा रिकामी बघून त्यांचा जीव तुटायचा. नवव्या दिवशी मी म्हणाले, "आई, आज आमटी झकास झालीय!" त्यांचा चेहरा असा फुलला, की मला संशय आला.

"मीठ टाकलंत?"

"चिमूटभरच गं. तीन दिस झालं. आजारी माणसाला आळणी वाढाया हात धजत न्हाई."

मी तोंडाची फटकळ. "मारायचंय का मला?" असंसुद्धा बोलून गेले. त्याची आजही लाज वाटते. त्या पदर चिवडत उभ्या राहिल्या. डॉक्टरबाईंनी तारीख पुढं ढकलली आणि आमचे आळणी दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

औषध झालं. स्कॅनमध्ये एक गाठ आयोडीन ओढून उजळली, दुसरी अंधारीच राहिली. हट्टानं सोबत आलेल्या सासूबाईंनी माझ्याआधी हात जोडले. "माझ्या मिठानं झालं का वो, बाई?"

"नाही, आजी. ते पथ्य पुन्हा पहिल्यापासून पाळलं ना तुम्ही? आणि मिठाचा दोष असता तर पहिली तरी कशी उजळली असती? दुसरीतलं ते जनुक आधीच गप्प झालंय. तिच्यासाठी पुन्हा ऑपरेशनचं बघू."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मोशीला घरी आलो.

जेवायला बसलो. मला आता मिठाची मुभा होती. सासूबाईंनी माझ्या ताटात आधी मीठ वाढलं. त्यांच्या ताटात मात्र ते नव्हतं.

"तुमचं मीठ, आई?"

"मला नगं. त्या दिसापासनं सोडलंय."

मी ओरडले त्या दिवसापासून त्यांनी मीठ तोंडात घातलं नव्हतं. रोज माझ्याशेजारी बसून जेवत होत्या, आणि दिवसभर पार्टातली खोट शोधणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

मी उठले, मिठाचा डबा आणला आणि त्यांच्या ताटात वाढलं. म्हटलं, "खा आई. तुमचं काही चुकलं नाही."