कापलेली टेकडी

"आकडे वाचू नका, आधी आकार दाखवा," असं म्हणून आमचे तपासणीचे साहेब कागद हातभर लांब धरायचे आणि एक डोळा मिटायचे. तुम्हाला वाटलं असतं, नेम धरतायत. आम्हालाही तसंच वाटायचं, आणि तो आपल्यावरच धरलाय असं.

कोथरूडला तेव्हा छोटे कारखाने होते. त्यातल्या एकात मी लेथवर स्कूटरच्या ब्रेकच्या पिना करायचो. शाळा चौथीपर्यंत. चौकटीचा कागद मला साहेबांनी शिकवला. खाली जाडीचे रकाने. पिन मोजली की तिच्या जाडीच्या रकान्यात एक चौकोन रंगवायचा. संध्याकाळपर्यंत मधे उंच, दोन्हीकडे उतरती अशी टेकडी उभी राहायची. सरासरी काढून दाखवली तर साहेब म्हणायचे, "सरासरी सगळ्यांचीच बरी असते हो."

एकदा माझी बायको दवाखान्यात होती. ऑपरेशन ठरलेलं. माझे हात मशीनवर, जीव तिकडे. कापायचं टूल झिजून कमी कापायला लागलं, ते ध्यानातच आलं नाही. पिना जाड निघायला लागल्या. जाडीची हद्द ठरलेली; हद्दीबाहेरची पिन म्हणजे रिजेक्ट, आणि फार रिजेक्ट म्हणजे घरी बसा. मी काय केलं? जाड पिनांचे चौकोन हद्दीच्या आतल्या शेवटच्या रकान्यात भरले आणि पिना चांगल्या मालात टाकल्या.

साहेबांनी कागद लांब धरला.

"अहो, ही टेकडी एका बाजूनं कापलीय. बिल्डर आला होता का?"

मी चिंधीला हात पुसायला लागलो.

"शेवटचा रकाना एवढा उंच, आणि त्याच्या पलीकडे एकही चौकोन नाही. पिना अशा वागत नाहीत. माणसं वागतात."

मी सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जाड पिन अडकली की ब्रेक अडकतो. स्कूटरवर मागे कुणाची तरी बायको बसलेली असते."

मग बाह्या दुमडून त्यांनी चांगल्या मालाचं खोकं ओतलं. दोघांनी मिळून सगळ्या पिना परत मोजल्या. आता टेकडी अख्खी दिसली, उजवीकडे सरकत हद्दीपार गेलेली.

"जा, मालकांना सांगा."

"साहेब, तुम्हीच सांगा ना."

"चौकोन मी भरले होते का?"

आत गेलो, सगळं सांगितलं. मालक नको नको ते बोलले, पण कामावर ठेवलं. का ठेवलं, ते मला आजही माहीत नाही. बाहेर साहेब दाराशीच उभे.

"गेली का नोकरी?"

"नाही."

"मग दवाखान्यात जा. टूल मी बदलतो."

बायको बरी झाली. घरी आल्यावर तिला हे सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मालक गेले. पुढं साहेबही गेले. मला महिन्यानं कळलं. गेल्या साली ही गेली. मी खोटे चौकोन भरले होते हे माहीत असलेलं आता कुणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही.