चाकावरची कुंकवाची रेघ

मला गाड्यांवर चिडायची सवय आहे. आजही स्कूटर सुरू झाली नाही की आधी तिला चार शब्द सुनावतो आणि मग किक मारतो. म्हणून धाकट्या बहिणीनं गौर नदीच्या वाळूत काय केलं ते मी सांगायला बसलो की घरचे हसतात. हसू देत! मी फौजेचे ट्रक जोडणाऱ्या फॅक्टरीतला माणूस, उभा जन्म नट आवळण्यात गेला, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही.

एकाहत्तरचा हिवाळा. लढाई आज होते की उद्या, अशी हवा. फॅक्टरीत रविवारसुद्धा कामाचा झाला होता. तशात बहिणीचं लग्न झालं. भाऊजी फौजेत, लग्नापुरती सुटी घेऊन आलेले. नव्या जोडप्यानं नदीपलीकडच्या देवीच्या पाया पडायचं, म्हणून मी फोरमनच्या हातापाया पडून एक दिवस मागून घेतला आणि पहाटेच बाबांची जीप काढली. लिलावात घेतलेली फौजेची जुनी जीप. बाबा असताना तिच्याखाली त्यांच्या शेजारी आडवी पडायची ती बहीणच, मी नाही. निघताना आईनं गाडीला ओवाळलं आणि चारही चाकांना कुंकू लावलं. तिची रीत वेगळी. ठिपका नाही, तर तेलात कालवलेल्या कुंकवाची एक सरळ रेघ, चाकाच्या मधल्या टोपीपासून थेट टायरपर्यंत.

देवीला नारळ फोडून बाहेर आलो, तर चहावाल्याच्या रेडिओभोवती ही गर्दी. लढाई सुरू झाली होती. फौजेतल्या सगळ्यांच्या सुट्या रद्द.

भाऊजींनी हातातला कप तसाच खाली ठेवला. म्हणाले, "संध्याकाळची गाडी मिळाली तर पलटण गाठेन. नाहीतर ते पुढे निघून जातील, आणि मी इथे पळपुटा ठरेन." बहिणीच्या हातावरची मेंदीसुद्धा अजून फिकी पडली नव्हती हो!

मी म्हटलं, चलो, पुलाचा वळसा नको, नदीतूनच घालतो. चारही चाकांना जोर देणारी गाडी असते कशाला? पाणी घोट्याएवढंच होतं, ते पार झालं. पलीकडच्या वाळूत मात्र जीप जी बसली ती बसली. फोर-व्हीलचा दांडा ओढलेला, मागची चाकं गरागरा वाळू उडवताहेत, आणि गाडी तसूभर सरकत नाही. मी रेस दिली, ती आणखी रुतली. मग मी उतरून टायरला लाथ घातली आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"दादा, लाथा काहून मारून राहिला? बैस आत. क्लच हळू सोड, मी पुढचं बघते."

हिरवा चुडा कोपराकडे सरकवून बहीण बाजूला वाळूत आडवी झाली, गाल जमिनीला टेकवून. खालून ओरडली, "पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा फिरतोय. म्हणजे जोर पुढे येतोय, चाकापाशी सुटतोय." मी गाडी बंद केली. ती उठून उजव्या चाकापाशी गेली. तिथे कुंकवाची रेघ सरळ होती. मग डाव्या चाकापाशी गेली आणि खालीच बसली.

मी डोकावून पाहिलं. रेघ तुटली होती. टायरवरचा तुकडा वर होता आणि टोपीवरचा पार खाली गेला होता. मला त्यातून काहीच उमगलं नाही. ती मात्र पदराचं टोक हातात धरून नुसती बघत बसली. भाऊजी पाण्याकाठी उभे राहून सूर्य कुठवर उतरला ते पाहत होते. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, काय झालं? गप्प काहून?" मी खेकसलो.

"पाना आण," ती म्हणाली.

मधली टोपी ज्या चकतीवर बसते, ती चकती सहा बोल्टांनी चाकाला धरलेली असते. डावीकडचे सगळे बोल्ट वाटेत ढिले होऊन पडले होते. चकती एकटीच फिरत होती आणि चाक जागेवर होतं. एका बाजूला असा जोर वाया गेला की दुसरं पुढचं चाकही ढिम्म राहतं. मी म्हटलं, झालं कल्याण, आता जंगलात बोल्ट कुठून आणू? तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "उजवीकडचे तीन काढ. तीन तिकडे राहू दे, तीन इकडे लाव."

मेंदीच्या हातांनी तिनं चकती फिरवून भोकं जुळवली, बोल्ट बसवले, आवळले. मनगटापर्यंत ग्रीस. "आता हळू. राग दाखवशील तर हेही तुटतील."

मी देवाचं नाव घेऊन क्लच सोडला. आणि पुढची चाकं फिरली! जीप हळूहळू वाळू चढून वर आली. रोज अशा गाड्या जोडणारा मी, पण बहीण वाळूत उभी होती आणि मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

स्टेशनवर ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली, भाऊजींच्या कपड्यांना ग्रीस लागू नये म्हणून. त्यांनी ते हात ओढून घेतले. बाहीवर काळा डाग पडला तसाच घेऊन ते गाडीत चढले.

परतताना मला राहवलं नाही. "तू बोलली नसतीस तर मला जन्मात कळलं नसतं. गाडी चुकली असती त्यांची."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पदर हातात घेतला होता मी. रेघ पुसून टाकली असती की झालं असतं." मग नखातलं ग्रीस कोरत राहिली. "पण कुंकू होतं ना ते, दादा. पुसू कशी?"

शहरातल्या ओमती मोहल्ल्यापर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

होळीच्या आधी भाऊजी घरी आले. त्यांना आणायला जीप निघाली तेव्हा आई कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आली होती. बहिणीनं ती तिच्या हातातून घेतली आणि चारही रेघा स्वतः ओढल्या.