शालिनीची साखर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, पलीकडे गढा मोहल्ल्यात राहणाऱ्या शालिनीच्या भावाला तर नाहीच. आज तुम्हाला काहून सांगतो आहे — तेही नीट कळत नाही.

शालिनी माझी बायको. नऊ वर्षांपूर्वी तिची बायपास झाली. हृदय सावरलं, पण चौथ्या दिवशी फुप्फुसं बिघडली. सूज आहे, पाणी भरतंय, एवढंच मला समजलं. मग डॉक्टर म्हणाले, स्टेम सेलचा एक प्रयोग चालू आहे. त्या पेशी शिरेतून सोडतात, फुप्फुस बरं होईल अशी आशा. निम्म्या रोग्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी — कोणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्यांनी संमतीचा कागद माझ्या हातात दिला.

"गारंटी नहीं है, अंकल जी. आंटी जी के रिपोर्ट ठीक बैठ रहे हैं. उन्हें पढ़कर सुना दीजिए, शाम तक दोनों के साइन चाहिए."

तोंडावर मास्क, तरी शालिनी हसली. "अहो, काहून पाहून राहिले त्या कागदाकडे? तोफगोळा नाही तो. आणा, मी करते सही."

तोफगोळाच! तोफगोळ्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासनीस होतो. माप बरोबर भरलं तरच शिक्का. निम्मा माल रिकामा असेल, त्यावर सही कशी करायची? — असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं होतं का ते? की ती गेली, तर खाली माझी सही राहील, एवढीच भीती? अजूनही मला वेगळं करता येत नाही.

कागद खिशात घालून दुपारभर बाहेरच्या बाकावर बसलो. संध्याकाळी डॉक्टरांना म्हणालो, "वो मना कर रही है." त्यांनी मान हलवली. आणि तिला — तिला म्हणालो, "तू त्यात बसत नाहीस म्हणे. रिपोर्ट आडवा आला."

तिने मास्क जरा बाजूला केला. मग म्हणाली, "साखरच असेल. तुमच्या चोरून खोव्याची जिलबी खात होते ना मी."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. मुलालाही तिने साखरेचंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्या पेशींनी वाचली असती? की तिच्या वाट्याला मिठाचं पाणीच आलं असतं? नऊ वर्षं याच प्रश्नांत फिरतो आहे. कदाचित ते सोपे आहेत म्हणून. कारण मी खोटं बोललो, त्याचा औषधाच्या गुणाशी काय संबंध?

परवा नातीने दुसरी जिलबी उचलली. मुलगा ओरडला, "बस कर! तेरी दादी इसी मीठे में गई." पोरीने जिलबी परत ताटात ठेवली. मी समोर बसून चहा पीत राहिलो.

साखर आडवी आली नव्हती. शालिनी त्यात बसत होती. ती तयार होती. नाही म्हणालो तो मी.