रफिकभाईंचा पासवर्ड

मोबाईलवर रफिकभाईंचं नाव दिसलं आणि मी फोन उचलून थेट तक्रारच सुरू केली. "अहो, प्रिंटर परत परवानगी मागतोय, पत्रिका खोळंबल्यात, कधी येताय?" पलीकडून त्यांची मुलगी तबस्सुम म्हणाली, "काकू, मी बोलतेय. अब्बा पहाटे गेले..." सात आठवडे झाले या गोष्टीला. त्या पोरीच्या कानावर पडलेलं माझं ते वाक्य काही परत घेता येत नाही. पण सल त्याहून मोठा आहे. जायच्या पाच दिवस आधी त्यांनी माझं शेवटचं काम केलं ते दवाखान्यातल्या खाटेवरून, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आपण आता परत येत नाही हे त्यांना त्या दुपारी कळलं होतं का, हा एकच प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय.

माझं नवी पेठेत लग्नपत्रिकांचं दुकान, रफिकभाई संगणक दुरुस्तीवाले. बारा वर्षांपूर्वी मी कुठल्याशा साइटवरून फुकटचे फॉन्ट उतरवून घेतले आणि ऐन लग्नसराईत सगळ्या फायली गेल्या. त्यांनी दोन दिवस बसून वाचवता आलं तेवढं वाचवलं आणि माझ्या मशीनवर दोन खाती केली. एक त्यांचं, ॲडमिनचं. दुसरं माझं, हातपाय बांधलेलं. तेव्हापासून काहीही नवं टाकायचं म्हटलं की पडद्यावर खोकं यायचं, त्यात रफिकभाईंचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी जागा. माझंच दुकान, माझंच मशीन, आणि परवानगी यांची. मी चिडायचे. "देऊन टाका तो पासवर्ड, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते हसायचे. "ताई, मोकळं सोडलं की तुमी परत फुकटचं कायतरी घेणार. जेवढं लागतंय तेवढंच द्यायचं."

आमचं पत्रिकांचं सॉफ्टवेअर जुनाट, उठसूट अडून बसणारं. दुसरा कुणी असता तर सगळे अधिकार देऊन मोकळा झाला असता. हे खुर्ची ओढून बसायचे, ते नेमकं कुठल्या फोल्डरात लिहायला जातंय आणि कुठं अडतंय ते शोधायचे, आणि तेवढ्या एका फोल्डरची परवानगी माझ्या खात्याला द्यायचे. तासभर जायचा, चहा निवायचा. पासवर्ड टाकताना मात्र "तिकडं बघा, ताई" म्हणायचे, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी मुकाट रस्त्याकडे बघत बसायचे.

त्या दुपारी अक्कलकोटच्या एका घरची पत्रिका होती, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. कन्नड फॉन्ट घेतला की फाईल सेव्हच होईना. फोन लावला. "आज येणं जमत न्हाय, ताई. हितनंच बघतो," ते म्हणाले आणि मोबाईलवरून माझं मशीन ताब्यात घेतलं. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला... थांबत, चुकत, परत मागे येत. फोनमध्ये मागे काहीतरी सारखं वाजत होतं. मी म्हटलं, "तुमचा यूपीएस किती ओरडतोय, बंद करा की आधी." ते म्हणाले, "व्हय, करतो." वर मी आणखी बोलले, "आणि हात उचला जरा, गिऱ्हाईक बसलंय." लिहितानाही लाज वाटते. फाईल सेव्ह झाली. "झालं का समाधान?" त्यांनी विचारलं. "झालं एकदाचं," म्हणून मी फोन ठेवला.

खोकं आलं की न वाचता बंद करायचं आणि रफिकभाईंना फोन लावायचा, ही माझी जुनी खोड. ते गेल्यावर तर त्यातलं नाव दिसू नये म्हणून मी ते आणखीच घाईनं बंद करत होते. प्रिंटर तसाच पडून राहिला, पत्रिका बाहेरून छापून घेत होते. मागच्या आठवड्यात तबस्सुम आली. अब्बांचं दुकान आता तीच बघते. खुर्चीत बसली, खोकं आलं, आणि मी सवयीनं रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"काकू, इकडं बघा की. हे पासवर्ड मागतच न्हाय."

खोक्यात नुसतं होय आणि नाही. तिनं आत शिरून पाहिलं. "तुमचं खातं ॲडमिन झालंय. सगळे अधिकार तुमच्याकडं हायत." कधीपासून, मी विचारलं. मशीन अशा गोष्टींची नोंद ठेवतं म्हणे. तिनं ती काढून दाखवली. तीच दुपार होती. फाईल सेव्ह होऊन मी फोन ठेवला, त्यानंतर अकरा मिनिटांनी.

बारा वर्षं एकेका फोल्डरसाठी तासभर बसणारा माणूस एका झटक्यात सगळं देऊन गेला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या अकरा मिनिटांत मी मशीनकडे पाठ करून गिऱ्हाईकाला कागदाचे नमुने दाखवत होते, आणि माझ्या मागे पडद्यावर तो बाण एकटाच, थांबत थांबत, चालत होता.