रुसण्याचा मान

लासुर्ण्याच्या भीमातात्यांना रुसायला कारण लागत नसे, फक्त एखादं लग्न लागे. भावकीत, पाव्हण्यांत, नाहीतर नुसत्या तोंडओळखीत कुठं बार उडायचा असला, की तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून सगळ्यांच्या आधी हजर. आणि अक्षता वाटायला सुरुवात झाली, की गायब! मग कार्यालयामागच्या उसाच्या बांधावर, कॅनॉलच्या भरावावर, नाहीतर एखाद्या टेम्पोच्या सावलीला तोंड फिरवून बसलेले सापडायचे. कुणी 'या' म्हटलं पण 'बसा' म्हटलं नाही. टॉवेल-टोपीतला टॉवेल हातरुमालाएवढा निघाला. एका लग्नात तर आमटी आधी दुसऱ्या पंगतीत नेली म्हणून गडी उठला होता. घ्या!

मग शोधाशोध, मग समजूत. तात्या म्हणणार, "न्हाय, मी चाललो. माझं काय काम हाय हितं?" आणि जागचे हलणार नाहीत. ज्याला जायचंच असतं तो सांगत बसत नाही, हे आता पोरासोरांनाही पाठ झालं होतं. गंमत अशी, की वालचंदनगरच्या कंपनीत फिटर म्हणून उभी हयात काढली, तिथं हा माणूस एकदाही रुसला नाही. मशीन समजूत काढायला येत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

ही खोड पडली कधी, तर थोरल्या बहिणीच्या, सारजाच्या लग्नात. आई लवकर गेली, तेव्हा भीमाला तिनंच न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. ती सासरी निघाली म्हटल्यावर हे कार्टं कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसलं. बाप आला, चुलते आले, दोन चापट्याही बसल्या, पण हूं की चूं नाही. शेवटी सारजा स्वतः मुंडावळ्या बांधलेल्या कपाळानं गंजीमागे आली आणि तिनं त्याला मांडीवर घेतलं. सासरच्यांनाही दया आली. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून एखादी बाई द्यायची रीत; सारजाबरोबर हे पोरगं नाक पुसत गेलं. आठवडाभर बारामतीकडच्या त्या घरात मजेत राहून आलं. एवढ्यावर जन्माचं शिक्षण झालं. रुसलं की आक्का येती.

तेव्हापासून समजूत काढायला शंभर जण येवोत, तात्या उठायचे ते सारजाआक्का आल्यावरच. आक्का शेजारी बसायची, इकडचंतिकडचं बोलायची, आणि कुठल्यातरी वाक्याला तात्या विरघळायचे. ती बाईच तशी. कुणाची सासू फुगली, कुणाचे भाऊ बांधावरून भांडले, की बोलवा सारजाबाईंना. स्वतः मात्र कधी 'मला हे हवं' म्हणाली नाही की कुणावर डाफरली नाही. देवानं दोघांच्या वाटणीचा रुसवा एकाच्याच पदरात ओतला होता.

पण दोन वर्षांमागं घात झाला. नरसिंहपूरच्या एका लग्नात तात्या रुसून पार घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. काय गरज होती इतक्या लांब रुसायची? आक्का दुखरे गुडघे घेऊन मागोमाग उतरली, पाय घसरला आणि मनगट मोडलं. दवाखान्यात तात्या खाली मान घालून उभे राहिले, तेव्हा ती प्लास्टरातला हात सावरत अगदी थंडपणे म्हणाली, "भीमा, हितनं फुडं उत्कर्षीचं लगीन हाय. त्यात रुसलास तर मी उठून येणार न्हाय. आन तू बी परत माझा उंबरा चढू नगंस."

तात्या हबकलेच. उत्कर्षा म्हणजे आक्काच्या रघुनाथची पोरगी, तिची लाडकी नात. आक्का बोलते ते करते हे तात्यांना ठाऊक होतं, कारण ती कधी बोलतच नसे. आणि या जगात त्यांना 'भीम्या' म्हणून हाक मारणारं आता दुसरं कोण उरलं होतं? तो उंबरा बंद झाला तर पुढं जगायचं कशाला, असंच त्यांना वाटलं.

त्यांनी घरी जाहीर केलं, "मी आता रुसणार न्हाय."

बायको द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हातसुद्धा थांबवला नाही. "जित्याची खोड हाय ती. मेल्याबिगर जायची न्हाय."

नात योगिनी बारामतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिनं सांगितलं, "आजी, आमच्या विषयात पण तेच आहे बघ. तिशीनंतर स्वभाव फारसा बदलत नाही. पण म्हातारपणी माणूस थोडा निवळतो म्हणे."

"ह्यांचा निवळला न्हाय गं. गाळ वर आलाय नुस्ता."

पण खरं सांगायचं तर तात्यांना आतून काहीतरी हललेलं जाणवत होतं. राग यायचा, पण पूर्वीसारखा डोक्यात जायचा नाही. गुडघ्यापर्यंत येऊन दमायचा. एका बारशात त्यांना चहा मिळाला नाही, तर ते चक्क स्वयंपाकघरात गेले आणि मागून घेतला. कुणी पाहिलं नाही, नाहीतर इंदापूर तालुक्यात बोभाटा झाला असता.

उत्कर्षाचं लग्न इंदापूर रस्त्यावरच्या कार्यालयात. तात्या पोचले, पुढच्या रांगेत बसले. नवरीच्या बापाचा मामा. फेट्याचा मान ठरलेला. त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि फेट्यासाठी डोकं मोकळं करून ठेवलं.

फेटेवाला रांगेतून बांधत आला. तात्यांच्या अलीकडच्याला बांधला, पलीकडच्याला बांधला, आणि पुढे सरकला. तात्यांच्या टकलावर फक्त पंख्याचं वारं.

आता हे मुद्दाम झालं होतं, पण अपमान म्हणून नव्हे हो! रघुनाथनं हिशेबानं ठरवलं होतं. मामा रुसणार हे तर पक्कं. फेटा आधीच बांधून टाकला, तर समजूत काढताना हातात काय राहणार? म्हणून सगळ्यांत भारी फेटा त्यानं मागं ठेवला. माइकवाल्यालाही सांगून ठेवलं, "भीमराव मामांचं नाव आत्ता घिऊ नगं. ते रुसलं की मग मोठ्यांदा घे." पार्किंगमध्ये दोन पाहुणे आधीच नेमले, तात्या कुठल्या गाडीच्या सावलीला बसतात ते बघायला. इतका चोख बंदोबस्त त्यानं जेवणाचासुद्धा केला नव्हता.

आणि तात्या रुसेनात.

माइकवर सत्कार सुरू झाले. कुठल्याशा पतसंस्थेचे चेअरमन झाले, माजी चेअरमन झाले, माजी चेअरमनचे मेहुणे झाले. आमच्याकडे लग्न दोन जिवांचं असलं तरी माइक पदाधिकाऱ्यांचा असतो. एकेक नाव पुकारलं की तात्यांचे पाय आपोआप उठायला बघायचे. दार तिकडं, दाराबाहेर कडुनिंब, कडुनिंबाखाली कशी झक्क सावली! पण त्यांनी खुर्चीचा दांडा गच्च धरला. आक्काचा उंबरा, आक्काचा उंबरा.

द्वारकाबाई येऊन कानाशी लागल्या. "अवं, आज जायचं न्हाय का कुठं?"

"न्हाय."

"छातीत-बितीत दुखतंय का?"

"काय बी दुखत न्हाय. जा तिकडं."

पण कुजबुज पसरलीच. एकानं लिंबू सरबत आणून दिलं. एक जण नाडी बघून गेला. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "गप हाय म्हंजी मनात कायतरी शिजतंय. वाटणी मागणार बघ." माणूस बदलायला एखादे वेळी तयार होतो, पण भावकीला ते परवडत नाही. तुमचा स्वभाव तुमच्यापेक्षा तिनंच जास्त जपून ठेवलेला असतो. तात्यांना असा संताप आला! रुसलं तर नावं ठेवतात, नाही रुसलं तर नाडी बघतात. जावं तरी कुठं माणसानं?

भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. अक्षता वाटल्या. आणि कुणीतरी विचारलं, "नवरीची आजी कुठाय?"

नेहमीचं सवयीचं डोकं! 'कुठाय' एवढंच कानावर पडलं आणि मामाच गायब असं धरून रघुनाथ फेटा बगलेत मारून थेट पार्किंगकडं पळाला. तिथं ते दोन पाहुणे टेम्पोच्या सावलीला तंबाखू मळत बसले होते. तो धापा टाकत परत आला, तर तात्या जागच्या जागी.

"मामा, तुमी हितं?"

"मग कुठं असू? का उठवतोस मला?"

"आई गावंना मामा!"

आई गावली. नवरीकडच्या खोलीत होती आणि आतून कडी होती. रघुनाथनं दार वाजवलं. "आई, मुहूर्त टळतोय."

आतून आवाज आला, "टळू दे."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सारजाबाई 'टळू दे' म्हणाल्या?

"आई, काय झालं?"

"काय न्हाय."

ते 'काय न्हाय' ऐकलं आणि अख्ख्या भावकीच्या अंगावर काटा आला. हे 'काय न्हाय' त्यांच्या ओळखीचं होतं. सून रडकुंडीला आली. मुलाकडची मंडळी घड्याळ बघायला लागली. आता समजूत काढायला बोलवायचं कुणाला? जिला बोलवत होते, तीच आत बसलेली.

तात्या गर्दीतून पुढं आले. त्यांनी दाराला तोंड लावलं. "आक्का, मी हाय. रुसलो न्हाय."

जरा वेळानं कडी निघाली. ते आत शिरले.

सारजाबाई बॅगांच्या पसाऱ्यात पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मोडून जुळलेलं मनगट मांडीवर ठेवलेलं. "मघापासनं बघतीया मी," त्या म्हणाल्या. "बोडक्या डोक्यानं बसलाईस. रुसला न्हाईस, म्हणून फेटा घिऊन एक माणूस फिरकला न्हाय तुझ्याकडं."

"म्हणून रुसलीस व्हय माझ्यापायी?"

"तुझ्यापायी रुसायला मी काय खुळी हाय?" त्या फणकारल्या. मग आवाजच फाटला त्यांचा. "तुझ्याकडं बघता बघता ध्यानात आलं रं भीम्या. माझं जन्मभर ह्येच झालं. मी कधी रुसली न्हाय, म्हणून मला कुणी इचारलंच न्हाय. स्थळ ठरलं, मला सांगितलं. कार्यालय ठरलं, मला सांगितलं. सकाळपासनं माइक वरडतोय, त्या चेअरमनच्या मेव्हण्याचं नाव घेतलं. ह्या घरात मी एवढी वरसं राबली, माझं नाव न्हाय. आन कुणाला वाटलं बी न्हाय. सारजाबाई काय, समजून घेत्यात."

ज्या बाईनं त्यांना प्रत्येक बांधावरून उचलून आणलं, तिच्या मागं एकदाही कुणी गेलं नव्हतं. ते स्वतःसुद्धा नाहीत. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

आता काय बोलावं? समजूत काढायची विद्या त्यांना येत नव्हती. 'चल आक्का, लोक काय म्हणतील' हे वाक्य ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं. या एका वाक्यानं रुसलेला माणूस आणखी घटकाभर घट्ट बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? रुसणारा ऐकतो ती बाहेरच्या पावलांची चाहूल. बाकी सगळा बहाणा.

"आक्का," ते म्हणाले, "जरा आत सरकून बस."

"आं?"

"दारासमोर बसू नगं. दार किलकिलं झालं की तोंड दिसतंय. आन रडू तर अजिबात नगं. रडलं की लोकं पाणी देत्यात, चल म्हणत्यात, झालं, संपलं."

सारजाबाईंनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. मग मुकाट्यानं पाय वर घेऊन आत सरकल्या.

"हां. आता कुणी काय बी बोललं तरी पहिल्या हाकेला वो द्यायची न्हाय."

बाहेर गलका वाढत होता. सून म्हणत होती, "आत्या, चुकलं आमचं, या ना भायेर." रघुनाथ माइकवाल्यावर खेकसत होता, "आईचं नाव घे म्हणतोय ना, आधी आईचं घे!" आणि मग हॉलभर आवाज घुमला, "नवरीच्या आजी, सारजाबाई, यांना सगळ्यांच्या वतीनं हात जोडून विनंती..."

स्वतःचं नाव भिंतीपलीकडून असं मोठ्यानं येताना ऐकून सारजाबाई दचकल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"भीम्या, भाईर कोण कोण हाय बघ की."

तात्यांनी दाराच्या फटीला डोळा लावला. "रघु हाय. सून हाय. भटजी घाम पुसतोय. व्याही-ईन दोघं बी हायती. चेअरमन बी आलाय आक्का, चपला हातात घिऊन उभाय."

"समदी हायत?"

"समदी."

"मग मला आजून जरा बसू दे," सारजाबाई म्हणाल्या.

"बस आक्का, बस," म्हणत तात्यांनी कडी पुन्हा नीट बसवली आणि तिच्या शेजारी टेकले.